सूर्या-वैतरणेच्या पात्रातील दगड आणि जीवाश्मांचा भास

पावसाळा ओसरल्यावर सूर्या, वैतरणा, पिंजाळ आणि देहर्जा या नद्यांची पात्रे उघडी पडतात, तेव्हा त्यांतील गोट्यांमध्ये हाडासारखे, अंड्यासारखे किंवा नेच्याच्या ठशासारखे दगड हमखास आढळतात आणि ते जीवाश्म, म्हणजे प्राचीन जीवांचे दगडात टिकून राहिलेले अवशेष, असावेत असा समज पालघर-बोईसर परिसरात सहज होतो. असा दगड पारखताना बहुतेक लोक त्याच्या आकारापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी पाहायचे ते हे की, तो ज्या खडकातून सुटून आला त्या खडकात जीवाश्म टिकणे शक्य तरी होते का.

पालघर जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, अर्थात बेसॉल्टचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस पुन्हापुन्हा बाहेर पडला आणि त्याचे थर एकावर एक साचत गेले. आज या थरांनी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. शिलारसाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्याही वर असल्याने त्यात सापडलेल्या जीवाचा अवशेष क्वचितच उरतो, म्हणून या खडकातून घडलेल्या गोट्यात हाड किंवा शंख असण्याची शक्यता नगण्य आहे. किनाऱ्याला साधारण समांतर, उत्तर-दक्षिण गेलेल्या खडकाच्या उभ्या भिंतीही या पट्ट्यात दिसतात. भेगांत घुसून तिथेच थिजलेल्या शिलारसाच्या या भिंतींना भूशास्त्रात भित्ती किंवा डाइक म्हणतात, आणि त्या इतक्या सरळ असतात की पाहणाऱ्याला त्या माणसाने बांधल्यासारख्या वाटाव्यात.

मग हाडासारखे दिसणारे ते असते काय? शिलारस थिजत असताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने आपल्याबरोबर आणलेली सिलिका, चुना आणि इतर द्रव्ये त्या पोकळ्यांत साचवली. सिलिकेपासून गारगोटी आणि पट्ट्यापट्ट्यांचा अकीक झाला, चुन्यापासून कॅल्साइट झाले, तर पाणी सामावून घेणाऱ्या झिओलाइट गटातील स्टिल्बाइट, हुलांडाइट ही खनिजे आणि त्यांच्या सोबतीने आढळणारे अपोफिलाइट तयार झाले. महाराष्ट्रातील अशा स्फटिकांना जगभरच्या संग्राहकांकडून मागणी असते आणि सिन्नरचे ‘गारगोटी’ हे संग्रहालय त्यांच्याचसाठी उभे राहिले आहे. नदीत मात्र भोवतालचा बेसॉल्ट आधी झिजतो, कठीण गारगोटी मागे राहते आणि बाहेरून खडबडीत, आतून पोकळ असा गोलसर दगड हाती येतो, ज्याला हौशी मंडळी डायनासोरचे अंडे ठरवून मोकळी होतात. थराच्या तळाकडून वर चढणाऱ्या वायूने पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्याही तयार होतात. त्या पांढऱ्या खनिजाने भरून आल्या की मोडक्या गोट्यात त्यांचे तुकडे बोटाच्या हाडासारखे किंवा मुळासारखे दिसतात.

नेच्याचा ठसा वाटणारी नक्षी बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. खडकाच्या बारीक फटीत पाणी शिरून ते काळे ऑक्साइड फांद्या फुटल्यागत पसरते, पण त्यात पानाची मधली शीर कधीच सापडत नाही. हवा-पाण्याने बेसॉल्टचे ठोकळे कोपऱ्यांकडून कुजत जातात आणि कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत आत गोल गाभा उरतो, त्यालाही कासवाची पाठ समजले जाते. अकिकाच्या पट्ट्यांवरून अश्मीभूत लाकडाचा संशय येतो तेव्हा भिंगाखाली पेशींच्या बारीक नळ्यांची ओळ दिसते का हे पाहावे. ती नसेल तर ते लाकूड नव्हे. खऱ्या हाडातही सच्छिद्र रचना असते, पण ती सबंध तुकड्यात सारखी नसते; बाहेरचा थर घट्ट आणि आतला भाग जाळीदार असतो.

कठीणपणाची परीक्षा घरबसल्या होते. गारगोटी आणि अकीक काचेवर ओरखडा काढतात, तर कॅल्साइटवर चाकूचाच ओरखडा उठतो आणि त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाकले की बुडबुडे येतात; स्टिल्बाइटही चाकूने ओरखडले जाते, पण त्यावर बुडबुडे येत नाहीत. लोहचुंबकावर मात्र फार भरवसा ठेवू नये. चुंबक चिकटले म्हणून उल्का सापडल्याचा गाजावाजा होतो, परंतु बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असल्याने साधा गोटाही थोडाफार ओढला जातो. बोईसर-तारापूरसारख्या कारखानदारीच्या भागात आणखी एक शक्यता धरावी लागते, ती धातुमळीची. धातू वितळवताना उरणारा हा काचेसारखा, फेसाळ पदार्थ भरावातून ओढ्यात पोहोचला की ज्वालामुखीच्या दगडासारखा भासतो.

जीवाश्म या प्रदेशात अजिबात नाहीत असे मात्र नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, गाळ बसे, आणि पुढच्या शिलारसाखाली तो गाळ झाकला जाई. अशा पातळ थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. मुंबईत वरळीला याच प्रकारच्या थरात सापडलेल्या लहान बेडकाचे वर्णन ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये केले आणि आज तो इंडोबॅट्राकस या नावाने ओळखला जातो. किनाऱ्यावर करल नावाचा दगड आढळतो, ज्यात वाळू आणि शिंपले चुन्याने जखडलेले असतात; ते शिंपले खरे असले तरी वय बहुधा काही हजार वर्षांचेच. गोदावरीची गोष्ट वेगळी आहे. वैतरणेप्रमाणे त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघालेल्या या नदीच्या जुन्या गाळात हत्तीचे अवशेष मिळाले आणि भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी 1905 मध्ये ते प्रसिद्ध केले; पठारावर गाळाचे जाड थर साचून टिकले म्हणूनच ते हाती आले. वैतरणा मात्र दीडशे किलोमीटरच्या आसपास धावून समुद्राला मिळते आणि सह्याद्रीच्या उतारावर तिचा गाळ फारसा थांबत नाही.

म्हणून पालघरकडे खरा जुना जीवाश्म शोधायचा तर गोट्यांच्या ढिगापेक्षा विहिरीच्या किंवा रस्त्याच्या कापात, दोन काळ्या थरांच्या मधोमध दिसणारी मऊ, पापुद्र्यांची पट्टी पाहावी. तशी पट्टी दिसल्यास ती उकरू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेचे नेमके स्थान टिपावे आणि ही माहिती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेला कळवावी, कारण वरखालचे थर माहीत नसलेल्या सुट्या दगडावरून तज्ज्ञालाही फारसे काही सांगता येत नाही.