संगणकावरील निरनिराळी खाती व त्यांचा प्रॉम्प्ट

ज्या शाळेतील संगणकावर लिनक्स प्रणाली बसविलेली आहे, तेथे एकाच यंत्रावर अनेक खाती उघडता येतात. मुख्याध्यापकांचे एक, वर्गशिक्षकांचे एक, विद्यार्थ्यांचे एक. याखेरीज ‘रूट’ नावाचे एक खाते असते व त्याचा अधिकार सर्वांहून मोठा असतो. टर्मिनलच्या पटलावर आज्ञा टंकून काम करताना मात्र ही खाती दिसावयास सारखीच. आपण या घटकेस कोणत्या खात्यात आहोत, हे आज्ञेच्या जागेआधी उमटणाऱ्या लहानशा अक्षरांवरूनच कळते. या खुणेस प्रॉम्प्ट म्हणतात, आणि आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या कार्यक्रमास शेल.

हा भेद क्षुल्लक नव्हे. ‘आरएम’ या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. विद्यार्थ्याच्या खात्यातून चुकीची आज्ञा दिली तर फार तर त्याचे स्वतःचे काम जाईल. तीच आज्ञा रूटच्या अधिकाराने दिली तर वर्षभराचे निकालपत्रकही जाऊ शकेल.

पुणे शहरात या गोष्टीचा प्रत्यय मोठ्या प्रमाणावर येतो. १९८८ साली येथे स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पाषाण येथील आयसर संस्थेत त्याच मालिकेतील ‘परम ब्रह्म’ बसविण्यात आला. अशा यंत्रावर काम करणारा संशोधक त्याच्यासमोर क्वचितच बसलेला असतो. त्याच्या पडद्यावर दोन चौकटी उघड्या असतात, एक स्वतःच्या यंत्राची व दुसरी महासंगणकाची. प्रॉम्प्टमध्ये यंत्राचे नाव नसेल, तर कोणती चौकट कोठली हे ओळखणे कठीण.

सामान्य खात्यास $ व रूटला # हा संकेत युनिक्सच्या काळापासूनचा आहे. लिनक्सवर सर्वत्र आढळणारे ‘बॅश’ हे शेल १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिले. त्यानेही तो पाळला.

प्रॉम्प्ट बदलण्यासाठी खात्याच्या घरफोल्डरातील ‘.बॅशआरसी’ या फाइलीच्या अखेरीस ‘पीएस१’ या नावाची एक ओळ लिहावी (फाइलीचे नाव व ही ओळ, दोन्ही इंग्रजी अक्षरांत). उलट्या तिरक्या रेघेपुढे यू लिहिल्यास खात्याचे नाव, एच लिहिल्यास यंत्राचे नाव आणि लहान डब्ल्यू लिहिल्यास फोल्डरचा संपूर्ण मार्ग उमटतो. मार्ग फार लांबत असेल तर मोठा डब्ल्यू वापरावा. मग केवळ शेवटचे नाव दिसते. रेघेपुढे $ लिहिल्यास मात्र शेल स्वतः खात्याचा अधिकार पाहून $ अथवा # उमटविते. येथेच पुष्कळांची फसगत होते. ती ओळ दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिली तर ती तिरकी रेघ गळून जाते, आणि रूटच्या खात्यातही निरुपद्रवी दिसणारे $ उमटते. म्हणून एकेरी अवतरणचिन्हेच वापरावीत.

रूटच्या फाइलीत लाल रंग व विद्यार्थ्यांच्या फाइलीत हिरवा रंग ठेवल्यास नजर लगेच सावध होते. रंगाचे संकेत मात्र उलटी रेघ व चौकोनी कंस यांच्या जोडीत बंदिस्त करावेत, नाहीतर ओळीची लांबी मोजताना शेल चुकते व लांब आज्ञा स्वतःवरच उमटू लागते. नव्या खात्यांना हीच मांडणी मिळावी अशी इच्छा असल्यास ती फाइल ‘/इटीसी/स्केल’ या फोल्डरात ठेवावी. जुन्या खात्यांवर तिचा परिणाम होत नाही, कारण प्रत केवळ खाते उघडतानाच केली जाते.

‘सूडो’ हा शब्द आधी लावून दिलेली एखादी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालते, परंतु प्रॉम्प्ट तसाच हिरवा राहतो. तेथे रंगावर विसंबता येत नाही. ओळीच्या आरंभीचा तो शब्दच वाचावा लागतो.