दुसरी नजर कॉम्प्युटरची!

परवा हाफ डे टाकून आईला मॅमोग्राफीला नेलं. ‘डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटलं तर?’ तिने विचारलं. मी गप्पच!

रात्री वाचत बसले. स्वीडनमध्ये नेहमीच्या पद्धतीत मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्ट बघायचे. २०२१ साली तिथे प्रयोग सुरू झाला. आधी कॉम्प्युटरने इमेज तपासायची. धोका कमी वाटला तर एक डॉक्टर, जास्त वाटला तर दोन. २०२३ मधला पहिला निकाल भन्नाट होता! ८० हजारांवर बायकांच्या तपासणीत कॉम्प्युटरच्या मदतीने दर हजारी सहा कॅन्सर सापडले, नेहमीच्या पद्धतीने पाच. डॉक्टरांचं वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं.

पण जरा थांबा. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं जुनं सॉफ्टवेअर संशयाच्या जागी नुसत्या खुणा करायचं. २००७ च्या अभ्यासात दिसलं, की त्यामुळे बायॉप्सी वाढल्या, कॅन्सर मात्र फारसे जास्त सापडले नाहीत. म्हणजे उगाच टेन्शन!

म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरांचाच. आणि हाताला गाठ लागली, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांकडे जायचंच.

आईला हे सगळं सांगितलं. म्हणाली, ‘पुढच्या वेळी मावशीलाही नेऊ.’