लाल झेंडा दिसेपर्यंत

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, ग्रीनव्हिल शहराजवळ अर्ध्या मैलाचा एक लंबगोल ट्रॅक होता. 1946 साली तो मातीचा होता. त्या वर्षी तिथली एक शर्यत संपली, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा फडकला, बाकीच्या गाड्या बाजूला लागल्या. पण 1939 सालची एक फोर्ड मात्र तशीच पळत राहिली. आत होती तिशीला टेकलेली लुईस स्मिथ. लाल झेंडा दिसला की थांबायचं, एवढंच तिला सांगितलेलं होतं. चौकटींच्या झेंड्याचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता. अखेर हे कुणाच्या तरी लक्षात आलं, लाल झेंडा दाखवला गेला, तेव्हा ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच शर्यत बघत होती, तीही स्टिअरिंगमागून, आणि तिचा तिसरा नंबर आला होता.

हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो वाचताना दरवेळी वाटतं, की ही बाई शेवटपर्यंत टिकेल अशी तिला बोलावणाऱ्यांची अपेक्षाच नसावी. नाहीतर शर्यत संपल्याची खूण तिला आधी सांगितली असती.

तिला बोलावलं होतं ते गर्दीसाठी. बिल फ्रान्स हा तेव्हा दक्षिणेत गावोगावी शर्यती भरवत असे, आणि बाई गाडी पळवणार म्हटलं की तिकिटं जास्त खपतील हा त्याचा हिशेब. गावात विचारल्यावर लोकांनी लुईसचं नाव घेतलं. नवरा नोहा याचा जुन्या मोटारींचा भंगारखाना होता. गाड्या हाताशी होत्या. ग्रीनव्हिलच्या रस्त्यांवर ती पोलिसांच्याही हाती लागत नाही, अशी तिची ख्याती होती.

फ्रान्स भरवत असे त्या शर्यती ‘स्टॉक कार’च्या. स्टॉक कार म्हणजे मुळात कारखान्यातून बाहेर पडते तशी, कुणीही विकत घ्यावी अशी गाडी. या खेळाची पाळंमुळं दारूच्या चोरट्या वाहतुकीत आहेत. डोंगरात गाळलेली दारू रातोरात शहरात पोचवणारे चालक वरून साध्या दिसणाऱ्या गाडीचं इंजिन आणि स्प्रिंग सुधारून घेत. पुढे 1948 मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने ‘नासकार’ ही संघटना उभी राहिली. तिने 19 जून 1949 रोजी शार्लटला पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत घेतली. त्यात पहिल्या आलेल्या ग्लेन डनअवेला बाद करावं लागलं, कारण त्याच्या गाडीचे मागचे स्प्रिंग दारूवाल्यांच्या पद्धतीने बदललेले निघाले. याच शर्यतीत सॅरा ख्रिश्चन ही अटलांटाची बाईही उतरली होती, म्हणजे नासकारच्या सर्वोच्च मालिकेच्या या पहिल्या शर्यतीपासून बायका ट्रॅकवर होत्या. हे आवर्जून सांगायला हवं. बायका इथे मागाहून आल्या, असा समज अजून सर्रास आढळतो.

मातीच्या ट्रॅकवर गाडी चालवण्याची रीत आपल्या रोजच्या सवयीच्या उलट आहे. सगळी वळणं डावीकडे. वळणात शिरताना गाडीची शेपटी बाहेरच्या अंगाला घसरू द्यायची, स्टिअरिंग उजवीकडे धरायचं आणि ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवायचा. घाबरून पाय उचलला की गाडी गरकन फिरलीच. त्यात पुढच्या गाडीची धूळ आणि चाकोऱ्या पडून उखडलेली जमीन. भार येतो तो पुढच्या उजव्या चाकावर. घरच्या वापरासाठी घडवलेलं ते चाक मधेच निखळून पडायचं. वळणावर दार उघडू नये म्हणून चामडी पट्ट्याने आवळलेलं असे. एवढ्याशा सामानाच्या भरवशावर ही माणसं जीव धोक्यात घालत होती.

1947 मध्ये लुईस नोहाची कोरी फोर्ड घेऊन फ्लोरिडात डेटोनाची शर्यत बघायला गेली. तिथला मार्ग एका बाजूला डांबरी रस्ता आणि दुसऱ्या बाजूला समुद्रकाठची ओली वाळू, असा होता. तिला बघत बसवेना. तिने तीच गाडी शर्यतीत उतरवली, आणि वळणावर अडकून पडलेल्या गाड्यांवर आदळून ती उलटी झाली. लुईस बसने घरी परतली. गाडी कुठे आहे, असं नोहाने विचारलं. तिने सांगितलं, वाटेत ऑगस्टाला बंद पडली. नोहाने तिच्यापुढे वर्तमानपत्र धरलं. मोडलेल्या गाडीचा फोटो त्यात छापून आला होता.

दोन वर्षांनी, 10 जुलै 1949 रोजी, त्याच वाळूवर नासकारच्या शर्यतीत तीन बायका होत्या: सॅरा, लुईस आणि एथेल फ्लॉक मोब्ली. एथेलचे टिम, बॉब आणि फॉन्टी हे तीन भाऊही त्याच शर्यतीत होते. टिम दुसरा आला. एथेल अकरावी आली, बॉब आणि फॉन्टी तिच्या मागे राहिले. लुईस विसावी. सॅराने त्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या हायडलबर्गला पाचवा क्रमांक मिळवला. नासकारच्या सर्वोच्च मालिकेत त्याहून वरचा क्रमांक आजवर एकाही बाईला मिळालेला नाही.

लुईसच्या नावावर त्या मालिकेत फक्त 11 शर्यती आहेत आणि सर्वांत चांगला क्रमांक सोळावा. तेवढ्यावरून तिला जोखणं मला पटत नाही. तिची खरी कमाई गावोगावच्या ट्रॅकवर झाली. मॉडिफाइड, मिजेट अशा निरनिराळ्या प्रकारच्या गाड्यांमध्ये मिळून तिने 38 शर्यती जिंकल्या. ती आली की गर्दी जमते, म्हणून आयोजक तिला नुसत्या हजेरीचेही पैसे देत. पण गाडी मोडली की दुरुस्तीत ते कुठल्या कुठे जात. नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरोला तिची गाडी इतकी चेपली, की गॅस कटरने पत्रा कापून तिला बाहेर काढावं लागलं. 48 टाके पडले, डाव्या गुडघ्यात चार पिना बसल्या. त्यानंतरही ती पुन्हा गाडीत बसली. पोटासाठी हे करायची तिला गरज नव्हती, नोहाचा धंदा होताच. तिला शर्यत हवी होती, आणि एका बाईला एखादी गोष्ट इतकी हवी असणं, हेच त्या काळात लोकांच्या पचनी पडत नव्हतं.

1956 मध्ये तिने शर्यती सोडल्या. 1971 मध्ये ती परतली ती गाड्यांची मालकीण म्हणून, आणि पुढची काही वर्षं नव्या चालकांच्या पाठीशी उभी राहिली. त्यांच्यापैकी रॉनी थॉमस 1978 साली वर्षातला सर्वोत्तम नवोदित चालक ठरला. अलाबामातल्या इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये 1999 साली लुईसचं नाव लागलं, तोवर त्या यादीत एकही बाई नव्हती.