स्टॉल स्पीड निवडताना आधी जेव्हीएलआर आठवा

ब्रेक दाबून, गिअर लावून पूर्ण थ्रॉटल दिला की चाकं जागीच असताना इंजिन जितक्या आरपीएमवर अडतं, ती टॉर्क कन्व्हर्टरची स्टॉल स्पीड. हा आकडा कन्व्हर्टरवर कायमचा कोरलेला नसतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनाला लावला तर स्टॉल वर जातो. म्हणून मित्राच्या गाडीवरून आकडा उचलू नका.

इंजिनाचा टॉर्क जिथे भरायला लागतो, त्याच्या आसपास स्टॉल हवा. मोठ्या कॅमचं, टर्बो नसलेलं इंजिन खाली मरगळलेलं असतं, त्याला जास्त स्टॉल खरंच लागतो. पण फोक्सवॅगन व्हर्टस १.० टीएसआय ऑटोमॅटिकमध्ये १७८ एनएम टॉर्क १,७५० आरपीएमलाच मिळतो! तिथे स्टॉल वाढवून काय साधणार? (१.५ डीएसजीत तर टॉर्क कन्व्हर्टरच नसतो.)

आणि आठवा जेव्हीएलआरची, म्हणजे मुंबईतल्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची संध्याकाळ. रांगत्या ट्रॅफिकमध्ये लॉक-अप (कन्व्हर्टरची घसरण थांबवणारा क्लच) लागत नाही, जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर सतत घसरतो आणि ती सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते. रोज चालवायच्या गाडीत स्टॉल वाढवणार असाल, तर आधी वेगळा ऑइल कूलर बसवा.