बेंजोचे सूर आणि डॉल्बीच्या भिंती

सांगली जिल्ह्यातील संगीताचा विषय निघाला की प्रथम मिरज आठवते. अब्दुल करीम खाँसाहेबांचे हे गाव. येथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. त्याच सांगलीत आणि शेजारच्या साताऱ्यात रस्त्यावरून वाजत जाणारे आणखी एक तंतुवाद्य आहे. त्याचे चरित्र मात्र सहसा कोणी लिहीत नाही. ते वाद्य म्हणजे वरातीतला बेंजो.

नावावर जाऊ नका. अमेरिकेतल्या वाटोळ्या बँजोशी याचे नाते नावापुरतेच. याचे मूळ जपानात. १९१२ साली नागोया शहरी गोरो मोरिता या गृहस्थाने तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' तयार केले. डाव्या हाताने कळ दाबावी, उजव्या हाताने तार छेडावी, की सूर तयार! हिंदुस्थानात येऊन तेच बुलबुलतरंग झाले आणि आपल्याकडे बेंजो.

पुढे त्याला वीज जोडली गेली. तारांचे कंपन टिपून ते कर्ण्यांतून मोठे होऊ लागले आणि घरात गुणगुणणारे वाद्य चौकात गर्जू लागले. जोडीला ढोल-ताशे होतेच. त्यांत कॅसिओ आला, आणि जपानच्याच रोलँड कंपनीने १९८५ साली काढलेल्या आठ चौकटींच्या ऑक्टोपॅडचे वारसही आले. काठीच्या एका टोल्यासरशी हवा तो आवाज!

परंतु खरी गंमत यंत्रांत नाही, वाजवणाऱ्यांच्या नजरेत आहे. चित्रपटातले तीन-चार मिनिटांचे गाणे वरातीत कसे पुरावे? नवरदेवाचे मित्र रंगात आले, की बेंजोवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरवतो, मध्येच दुसऱ्या गाण्यात शिरतो, मान हलवून ताशाला इशारा देतो आणि लय चढते. समोर नाचणारे दमले, की तोच हात ती उतरवतो.

अमेरिकेत अशा ऐनवेळच्या वादनाला मोठा मान आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियात निघालेल्या 'ग्रेटफुल डेड'पासून तेथे 'जॅम बँड' ही परंपराच रूढ झाली. १९९५ साली फिलाडेल्फियात निघालेल्या 'डिस्को बिस्किट्स'ने तिला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची जोड दिली. आपल्या बेंजो पार्टीची चालही काही फार निराळी नाही. तिला फक्त तसे नाव कोणी दिले नाही. २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' हा चित्रपट काढला, तेव्हा थोडे लक्ष तिकडे वळले एवढेच.

आता गाठ डॉल्बीशी आहे. ट्रॅक्टरवर कर्ण्यांची भिंत रचावी, कळ दाबावी, काम झाले. आठ-दहा जणांची बिदागी वाचते, हेही खरे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि कर्णे लावणाऱ्या बेंजोवाल्यालाही त्यातून सूट नाही. सूट असावी असे म्हणणेही नाही. आजारी माणसाच्या कानाला दोन्ही आवाज सारखेच.

तरीही दोहोंत एक फरक उरतो. बेंजोवाल्याला आवाज कमी करायला सांगितला, तरी वाजवण्याजोगे काही त्याच्या बोटांत शिल्लक राहते. डॉल्बीचा आवाज काढून घेतला, तर मागे काय उरते? घरच्या कार्याची सुपारी देताना हा प्रश्न आपण यजमानांनीच स्वतःला विचारायला हवा. कारण वादक टिकतो तो कौतुकावर नव्हे, बोलावण्यावर.