गाण्यास साजेसा निनाद

गायनाची गोडी गळ्यांत आहे हें खरें. परंतु ती कानापर्यंत पोंचते ती जागेच्या द्वारां. एकच भूप दिवाणखान्यांत म्हटला, देवळाच्या गाभाऱ्यांत म्हटला आणि उघड्या माळावर म्हटला, तर तीन निरनिराळीं गाणीं ऐकल्यासारखें वाटतें. माळावर स्वर सुटतो आणि विरून जातो. गाभाऱ्यांत तो दगडी भिंतींवर आपटून कांहीं वेळ रेंगाळतो. या रेंगाळण्यास शास्त्रकार निनाद म्हणतात, आणि ध्वनिमुद्रणाच्या धंद्यांतील लोक रिव्हर्ब म्हणतात.

हा विषय पूर्वीं केवळ तज्ज्ञांचा होता. आतां तो घरोघरचा झाला आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यांत कारखान्यांच्या निमित्तानें हजारों कुटुंबें येऊन स्थिरावलीं. देहू व आळंदी हीं क्षेत्रें जवळच, चिंचवडास पवनाकांठीं मोरया गोसावींची समाधि. तेव्हां या भागास भजनाची ओढ असावी यांत नवल नाहीं. दिवसां यंत्रावर काम करणारा नातू रात्रीं संगणकापुढें बसून आजोबांचा हरिपाठ किंवा आजीच्या ओव्या मुद्रित करूं लागला आहे. हें काम मोलाचें आहे. परंतु मुद्रण झाल्यावर आवाज कोरडा वाटतो, आणि संगणकावरील यादींत हॉल, रूम, चेंबर, प्लेट, स्प्रिंग अशीं नांवें दिसतात. त्यांतील भव्य नांव म्हणून ‘हॉल’ निवडला जातो, आणि मग आजोबांचे शब्द विहिरींतून आल्यासारखे ऐकूं येतात.

निवड करण्यापूर्वीं निनाद म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे. विजापूरचा गोल घुमट बहुतेकांस ठाऊक आहे. 1656 सालच्या या इमारतींत एक हांक मारली असतां ती अनेक वेळां सुटी सुटी परत येते. हा प्रतिध्वनि होय. निनादांत असे तुकडे वेगळे ओळखूं येत नाहींत. शेंकडों परावर्तनें एकमेकांत मिसळून स्वरामागें एक शेंपूट तयार होतें. हें शेंपूट मोजण्याची विद्या अमेरिकेंतील वॉलेस सेबाइन यांनीं सिद्ध केली. 1895 सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहांत वक्त्याचा शब्द पांच सेकंदांहून अधिक काळ घुमत असे व श्रोत्यांस कांहींच कळत नसे. सेबाइन यांनीं रात्रीं दुसऱ्या नाट्यगृहांतील गाद्या आणून तेथें मांडल्या, आणि जितक्या गाद्या अधिक तितका निनाद कमी, असें मापून दाखविलें.

त्यांचें सूत्र आपल्या घरासही लागू पडतें. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच अशी फरशीची रिकामी खोली घेतली, तर निनाद दीड सेकंदापेक्षां अधिक टिकेल. गाद्या, गोधड्या व जाड पडदे पुरेसे घातले तर तो अर्ध्या सेकंदाच्या आंत येईल. म्हणून पहिला नियम असा कीं, मुद्रणाच्या वेळीं खोली शक्य तितकी मुकी करावी. वाईट खोलीचा घुमारा एकदां आवाजांत मिसळला, कीं त्यावर चांगला निनाद चढवून तो झांकला जात नाहीं.

आतां यादींतील नांवांकडे वळूं. रूम म्हणजे लहान खोली, हॉल म्हणजे मोठें सभागृह. चेंबर म्हणजे मुद्दाम घुमणारी ठेवलेली कोठडी. 1947 सालीं शिकागोच्या बिल पटनम यांनीं त्यासाठीं चक्क स्नानगृह वापरलें. न्हाणीघरांत गाणाऱ्यांस याचें मर्म सांगावयास नको! प्लेट म्हणजे पोलादी पत्रा. 1957 सालीं जर्मनींत तयार झालेल्या यंत्रांत सुमारें दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असा पातळ पत्रा चौकटींत टांगलेला असे. आवाजानें त्यास कंप देऊन तो कंप पुन्हां टिपला जाई. भोसरीच्या एखाद्या कारखान्यांत टांगलेल्या पत्र्यावर ज्यानें टिचकी मारली आहे, त्यास तो झंकार ओळखीचा वाटेल. स्प्रिंगमध्यें तेंच काम तारेचें वेटोळें करतें. संगणक या सर्वांची नक्कल करतो. शिवाय एखाद्या खऱ्या जागेंत फुगा फोडून त्या जागेचा ठसाही घेतां येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाची सुमारें 45 मीटर लांबी व उंच कमानदार छत ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या सोयीचें मोल कळेल.

निवडीचें तत्त्व मात्र एकच आहे: गाणें ज्या जागेंत शोभलें असतें, ती जागा त्यास द्यावी. ओवी ही माजघरांतली. तिला पाऊण सेकंदाची लहान खोली पुरे. हरिपाठांत शब्द हाच देव. तेथें निनाद असल्याची जाणीवही होतां कामा नये. टाळ-पखवाजाचें भजन मिनिटास 120 मात्रांच्या लयींत असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची; त्यावर तीन सेकंदांचा हॉल घातला, तर एका ठोक्यावर मागील सहा मात्रांचा गलबला चढेल. शिवाय निनादांतील खर्ज कमी करावा, नाहींतर पखवाजाची धुम सर्वत्र पसरते. टाळांवर व तबल्यावर स्प्रिंग घालूं नये. तीक्ष्ण आघातानें ती खुळखुळते. भावगीत व नाट्यगीत यांस एक-दीड सेकंदाची प्लेट चांगली. ती गळ्यास तजेला देते. संथ आलापीस दोन सेकंदांचा हॉल शोभतो. मात्र निनाद मूळ स्वरानंतर सेकंदाच्या सुमारें तीन शतांशांनीं सुरू करावा. तेवढ्या वेळांत ध्वनि दहा मीटर जातो. म्हणजे भिंत दूर गेल्याचा भास होतो आणि शब्दाचा आरंभ स्वच्छ राहतो. तानपुरा मुळांतच अखंड नाद, त्यास जवळजवळ कांहींच नको. प्रमाण ठरवितांना निनाद जाणवेपर्यंत वाढवावा, मग किंचित् उतरवावा. आणि घरांतील वडील माणसांस ऐकवून प्रत्येक शब्द लागतो कीं नाहीं हें विचारावें.

शेवटीं एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगूं इच्छितों. निनाद चढविण्यापूर्वीं मुद्रणाची कोरी प्रत वेगळी जपून ठेवावी. आवाजांत मिसळलेला निनाद पुढें पूर्णपणें काढतां येत नाहीं, आणि आजचा आवडता घुमारा वीस वर्षांनीं कानास खटकूं शकतो. घरांतील वृद्धांचा आवाज आपणांस पुन्हां मुद्रित करतां येईलच असें नाहीं. खोली केव्हांही बदलतां येते. त्यांचा उच्चार, त्यांचा दम, ओळीच्या शेवटीं त्यांनीं घेतलेला श्वास हीं मात्र त्या कोऱ्या प्रतींतच राहतात. पुढील पिढीस तीं जशींच्या तशीं मिळालीं पाहिजेत.