गोळीचा खर्च आणि झटक्याचा हिशेब

अर्धांगवायू ही दैवगती होय, हा समज खेड्यापाड्यांत अद्यापि दृढ आहे. अमक्या मास्तरांना पहाटे झटका आला एवढेच नांदगावात सांगितले जाते. आधीची दहा वर्षे त्यांचा रक्तदाब चढलेला होता, हे कोणी सांगत नाही. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवून निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा निघाला. अन्य कोणत्याही कारणापेक्षा अधिक. सुखवस्तू शहरी माणसाचा म्हणून गणला गेलेला हा रोग दुर्गम जिल्ह्यात पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्याच्या बहुतेक बळींनी घरीच प्राण सोडले.

मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी मेंदूचा सी.टी. स्कॅन हवा. नांदगाव तालुक्यातील एखाद्या वाडीवरून नाशिक गाठावयाचे तर शंभरएक किलोमीटरचा रस्ता. रात्री वाहन मिळेपर्यंतच निम्मा अवधी सरतो. तेव्हा ग्रामीण भागापुरता तरी खरा उपचार झटक्यापूर्वीचाच.

त्यासाठी लागणारी अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी जुनी आणि स्वस्त आहे. अडचण आहे ती अर्थशास्त्राची. खर्च आजचा, लाभ अदृश्य. न आलेला झटका कोणाला दिसत नाही. उच्च रक्तदाबात बहुधा काही दुखतही नाही, म्हणून बरे वाटले की गोळी बंद. मजुराने रोज बुडवून, एस.टी.चे भाडे भरून आरोग्य केंद्रावर यावे आणि ‘गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकावे, तर तो पुन्हा येत नाही. त्याला अडाणी ठरविणे सोपे आहे. हिशेब मात्र त्याचाच बरोबर असतो.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमका हाच हिशेब बदलला. पहिल्या फेरीत महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा व भंडारा हे जिल्हे होते. नवे औषध कोणतेच नव्हते. मोजकी औषधे ठरविली, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या हाती दिल्या, आणि जो आला नाही त्याचे नाव नोंदीतून काढून त्याला गाठले. उपक्रमातील जवळजवळ निम्म्या रुग्णांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला. उरलेल्या निम्म्यांचे काय, हा प्रश्न आहेच.

पापड, लोणचे आणि ठेचा यांतील मिठाबद्दल उपदेश पुष्कळ होतो; तो योग्यही आहे. परंतु दिवाळीनंतर ऊसतोडीला तालुक्याबाहेर जाणाऱ्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या पुरत नाहीत. त्याला निघतानाच संपूर्ण हंगामाच्या गोळ्या द्याव्यात, आणि कारखान्याजवळील केंद्रात दाखविता येईल असे नोंदीचे कार्डही.